हिराकाकांच्या वडिलांची ओळ

हिराकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी पायांकडे. अमेरिकेत शॉमबर्गला आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी गाडीतून सामान काढत होते आणि शेजारचे हे गृहस्थ वाकून माझे बूट न्याहाळतायत! म्हटलं, म्हातारा चळला की काय. तर म्हणाले, "माझे वडील जपानकडून फुटबॉल खेळले. त्यांच्या पायात असलं काही नव्हतं."

नाव हिरामात्सु. आमच्या मराठी मंडळींनी त्याचं हिराकाका करून टाकलं, आणि त्यांनाही ते आवडलं. मला ते जोशीसान म्हणतात. यंदा नव्वदी लागली. बायको गेली, मुलगा टेक्सासला. आमच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने पदार्थ आणायच्या जेवणाला, आले की बटाटावडा खाणाऱ्या कुणालाही गाठून सुरू: "तेव्हा जपानात फुटबॉल कुणाला ठाऊक होता? एक जण नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचायचा, बाकीचे पळायचे! गोलाचे खांब बांबूचे. पायात अंगठा वेगळा असलेले कापडी जोडे!" आमचे आयटीवाले पुणेकर "ओह, नाइस" करत हळूच कढीकडे सटकायचे.

वडील देशाकडून एकच सामना खेळले, तोही हरले. इंटरनेटवर जुन्या खेळाडूंची एक यादी आहे, तिच्यात त्यांची एक ओळ. नाव, एक सामना, शून्य गोल. मृत्यूच्या तारखेची जागा रिकामी. ती ओळ आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण व्हावी, एवढाच काकांचा ध्यास. आणि त्यासाठी दर शनिवारी राबायचं कुणी? मी!

यादीवाल्यांना पाठवायची ईमेल ते सांगायचे, मी त्यांच्या लॅपटॉपवर टाइप करायची. "लिहा, डावीकडे खेळायचे. लिहा, चिखलात एकदाही पडले नाहीत." अहो काका, हे कोण छापणार? "लिहा!" शेवटी ठरलेलं वाक्य, मृत्यूची तारीख शोधून भरावी. आणि खाली सही, 'एक चाहता'. मुलगा असं लिहा की, म्हटलं, तर म्हणे चाहत्याला मान जास्त. सेंड केलं की लॅपटॉप ओढून घ्यायचे. आलेली उत्तरं एकटेच वाचणार.

गेल्या शनिवारी ते चहा करायला गेले आणि मी सरळ उत्तरं उघडली. सगळ्यांत तेच. तारीख आमच्याकडे नाही, कृपया त्यांच्या कुटुंबीयांना विचारा.

माझं डोकंच फिरलं. "काका, कुटुंबीय म्हणजे तुम्हीच ना! चार महिने मला जुंपलंत, आणि एक तारीख सांगता येत नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मला माहीत नाही, जोशीसान."

अमेरिकेला जाऊ नकोस म्हणून वडील भांडले होते. काकांनी पत्रं टाकणं बंद केलं. सात वर्षांनी बहिणीचं पत्र आलं, बाबा गेले. कधी, ते तिने लिहिलं नव्हतं. यांनी आधी रागाने विचारलं नाही, मग लाजेने विचारलं नाही, आणि मग बहीणही गेली.

मला माझ्या तोंडाची इतकी चीड आली! म्हटलं, "काका, तिकडे गावच्या कचेरीत नोंद असेलच. अर्ज करू या?"

"अर्ज कधीचाच मागवून ठेवलाय." त्यांनी ड्रॉवरमधून तो काढला. सगळं जपानी, मला काय कळणार. पण वरच्या दोन चौकटी सुबक अक्षरांत भरलेल्या होत्या आणि तिसरीपासून खाली कागद कोरा.

त्यांनी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथे मृताशी नातं विचारलंय," म्हणाले. "काय लिहू?"