पोत्यातले लॅपटॉप

हायस्कूलच्या प्रत्येक मुलाला सरकारकडून लॅपटॉप मिळणार, हे कळल्यावर सगळं बेट खूष झालं. बाल्देरामा सरांना मात्र अन्न गोड लागेना. लॅपटॉप मुलांचे, पण वाटप होईपर्यंत ते सांभाळायची जबाबदारी सरांची. येत्या मार्चमध्ये सर निवृत्त व्हायचे होते, आणि ताब्यातली एखादी वस्तू बिघडलेली निघाली तर सरकार माणसाला सोडत नाही. बेट सोडून इलोइलो शहरात मुलीकडे जायचं, नातीला अंगाखांद्यावर खेळवायचं, एवढीच काय ती आशा उरली होती. बायकोने, नेनिताने, तर जायच्या तयारीत घरचं डुक्करही विकून टाकलं होतं.

नवी वस्तू आली की फादरांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडायचं, ही तिथली रीत. होडी असो, रिक्षा असो, पाण्यावाचून सुटका नाही. खोकी बंदच ठेवा, असं सर परोपरीने सांगत होते. पण महापौरांच्या फोटोवाल्याला लॅपटॉपचे पडदे उजळलेले हवे होते. शेवटी सगळे लॅपटॉप सभागृहात उघडे मांडले गेले, आणि फादर सिल्वेस्त्रे बादली घेऊन आले. फादर नजरेने अधू आणि हाताने सढळ. त्यांनी कुंचला एकदाच फिरवला आणि पहिली रांग न्हाऊन निघाली.

रुमाल काढून सर फादरांच्या मागोमाग पुसत निघाले. फादरांनी वळून पाहिलं, तर रांग कोरडी. ही राहिलीच वाटतं, असं समजून ते परत आले आणि पुन्हा शिंपडलं. सरांनी पुन्हा पुसलं.

"सर, आशीर्वाद पुसताय तुम्ही," पालक संघाच्या पसिंग मावशी सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"आशीर्वाद नाही मावशी, पाणी पुसतोय."

"आणि ते वेगवेगळं कसं करता म्हणे?"

तेवढ्यात फादरांचा तिसरा फेरा आला आणि सरही भिजले.

मग भिजलेल्या फोनला करतात तेच लॅपटॉपना करायचं ठरलं. घरोघरून तांदूळ आला, लॅपटॉप पोत्यांत पुरले गेले आणि पोती ग्रंथालयाच्या खोलीत रचली गेली. आठवड्याभराने सरांनी एकेक काढून पाहिला. सगळे चालू झाले.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने लगेच वाटून टाकले असते. सर मात्र विचारात पडले. एका म्हाताऱ्या फादरांनी अर्ध्या तासात एवढं केलं, तर ही वयात आलेली कार्टी वर्षभरात काय करतील? त्यात पालक संघाने फतवा काढला की पुसलेला आशीर्वाद लागू होत नाही, पुन्हा शिंपडल्याशिवाय वाटप नाही. सरांच्या ते पथ्यावरच पडलं. फादरांचा गुडघा, मग गावची जत्रा, मग वादळ, अशी कारणं मिळत गेली. लॅपटॉप पुन्हा तांदळात गेले, आणि किल्ली सरांच्या गळ्यात.

मुलांचं शिक्षण थांबलं नाही, असं सर सर्वांना सांगत. त्यांनी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिले होते, आणि सगळा वर्ग त्यावर बोटं आपटत बसे. शेवटच्या वर्षाची मेल्चोरा त्यात सगळ्यांत तरबेज होती.

"सर, माझं चुकतं कुठे ते पुठ्ठ्यावर कळतच नाही," ती एकदा म्हणाली.

"थोडी कळ काढ. तुमच्यासाठीच जपून ठेवलेत."

कधीकधी बंद खोलीतून कुरकुर ऐकू येई. पाल असेल, असं सर मनाला समजावत. दार उघडलं तर खारी हवा आत जाईल, या भीतीने ते उघडत नसत.

मार्च आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या निरोप समारंभाच्या दिवशीच जिल्हा कार्यालयाचे साहेब ताबा घ्यायला आले. सरांनी अभिमानाने दार उघडलं, आणि आतल्या वासानेच दोघं मागे सरले. पोत्यांना भोकं पडली होती. तांदूळ संपला होता, आणि तांदूळ संपल्यावर उंदरांनी लॅपटॉपकडे मोर्चा वळवला होता. वायरी गेल्या होत्या, बटणं कुरतडली होती. एका लॅपटॉपखाली पिल्लं निजली होती.

"पाण्याने खराब झाले होते का?" तांदळाची पोती पाहून साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. सगळे चालत होते."

"मग मुलांना का नाही दिलेत?"

"बिघडले असते, साहेब."

साहेबांनी शांतपणे सांगितलं की चौकशी संपेपर्यंत निवृत्ती नाही, जूनमध्ये शाळेवर हजर व्हा.

ते गेल्यावर सर तिथेच पायरीवर बसले. नेनिताला काय सांगायचं, हे त्यांना कळेना. समोरून समारंभाच्या पांढऱ्या झग्यात मेल्चोरा आली. दारातून तिने आतला सगळा पसारा पाहिला. मग मोठ्यांना करायच्या तिथल्या नमस्काराप्रमाणे वाकून सरांचा हात कपाळाला लावला, तेव्हा सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"येते सर," ती म्हणाली. "जूनमध्ये माझा धाकटा भाऊ येतोय तुमच्या वर्गात. पुन्हा काही आलं ना, तर त्याला बिघडवू द्या."