एका पंपाचे चार उमेदवार

बायको गेल्याची बातमी ज्या दिवशी सगळीकडे पोचली, त्या दिवशी आमच्या घरात एक उमेदवार मुलाखतीला येऊन बसला होता!

बातमी सगळ्यांना कळली होती, फक्त त्यालाच कळली नव्हती. बायको पुलांची इंजिनिअर. नोकरी सांभाळून ती इंजिनिअर लोकांच्या संस्थेची विद्यार्थी शाखा चालवायची. शेवटच्या वर्षाच्या मुलांना संस्थेचं सभासद करून घ्यायचं, कामावरच्या जुन्या सभासदांशी त्यांची गाठ घालून द्यायची आणि पहिल्या नोकरीत रुळेपर्यंत त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, असं ते काम. सभासद व्हायला मुलाखत द्यावी लागते, म्हणून सरावासाठी ती मुलांना घरी बोलवायची. ह्यालाही तिनं आधीच बोलावून ठेवलं होतं.

तो आला. बुटांना असं पॉलिश की त्यात आमच्या छताचा पंखा फिरताना दिसत होता. दार उघडंच होतं. आत खुर्च्यांवर माणसं माना खाली घालून ओळीनं बसलेली. त्याला वाटलं, हे सगळे उमेदवार! तोही एक खुर्ची ओढून बसला आणि शेजारच्या माझ्या मेहुण्याला हळूच म्हणाला, "फार टेन्शन आहे ना?"

मेहुण्यानं मान हलवली.

"तयारीला वेळ मिळाला का तुम्हाला?"

"कुठला वेळ! सगळं एकदम अचानक."

"आत काय विचारतात?"

"कोण काय विचारणार? सगळे गप्प आहेत."

"बाप रे! मग आता पुढे काय?"

हे ऐकून मेहुणा, एरवी दगडासारखा माणूस, ढसाढसा रडायला लागला. पोरगं दचकून उभं राहिलं, माझ्याकडे आलं आणि म्हणालं, "काका, ह्यांना फारच कठीण गेलेलं दिसतंय. मॅडम कुठे आहेत?"

मी सांगितलं. तो तिथंच खाली बसला. मग उठला, आणि लोक जाईपर्यंत सगळ्यांना पाणी देत फिरत राहिला. चकाकत्या बुटांनी.

त्याच्याकडे बघता बघता मला काय झालं कोण जाणे, मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "तिची शाखा बंद पडणार नाही. मी चालवीन!"

आता ह्यात अवघड काय होतं? मी आयुष्य पाणीखात्यात काढलेला माणूस. टेकडीवरच्या वस्तीत चौथ्या मजल्यावर पाणी चढवलंय मी! पोरांना मुलाखतीत चढवणं म्हणजे डाव्या हातचा मळ!

"बाबा, तुम्ही?" मुलगी म्हणाली. "तुम्ही तर संस्थेचे सभासदसुद्धा नाही!"

हे खरं होतं. बायको दर वर्षी मागे लागायची आणि दर वर्षी मी म्हणायचो, घरात एक सभासद बास.

काही दिवसांनी संस्थेचे अध्यक्ष भेटायला आले. ह्यांना सगळे माघारी 'काँक्रीट' म्हणतात. चेहरा एकदा सेट झाला की झाला. चहा घेऊन ते म्हणाले, "बाई होत्या म्हणून शाखा चालली. आता कार्यकारिणीचं म्हणणं आहे की बंद करावी. ह्या वर्षीची मुलं मुलाखतीत पास झाली तर मी बोलू शकेन. नापास झाली तर विषय संपला."

"पास होतील! मी आहे ना!"

"तुम्ही सभासद नाही. सभासद नसलेला माणूस शाखेचा प्रमुख होऊ शकत नाही."

"मग होतो सभासद!"

"मग बसा मुलांबरोबर मुलाखतीला."

"बसतो!"

मुलीला हे फोनवर सांगितलं तर तिनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं, तिला वाटलं रेंज गेली.

दर रविवारी तिघं जण आमच्या जेवणाच्या टेबलाशी जमायला लागले. पहिला तो बूटवाला. त्याचं नाव मी पॉलिशच ठेवलं. दुसरा तुफान. तो बोलायला लागला की पूर्णविराम कुठे द्यायचा हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. तिसरी कुजबुज. ही मुलगी तिघांत सगळ्यात हुशार, पण आवाज असा की ती बोलायला लागली की मला आधी फ्रीज बंद करावा लागायचा.

बाकी सगळं छान जमलं. गाडं अडलं एकाच प्रश्नावर. समिती तो प्रत्येकाला हमखास विचारते : तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, आणि त्यातून काय शिकलात ते सांगा.

"काका," पॉलिश म्हणाला, "माझी चूक म्हणजे मी जरा जास्तच मेहनत करतो."

"ही चूक आहे की जाहिरात?"

तुफान म्हणाला, "माझी अशी एक चूक नाही काका म्हणजे चुका आहेत पण त्या माझ्या नाहीत म्हणजे आमच्या ग्रुपमधला एक जण आहे ना तो—"

"पुरे!"

कुजबुज काहीतरी म्हणाली. फ्रीज चालू होता.

बायको काय करायची ते मला माहीत होतं. प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. आतल्या खोलीत मला वाटायचं, सराव संपला की काय! पुष्कळ वेळानं कोणीतरी पोर अडखळत बोलायला लागायचं. पण मला ते जमेना. शांतता मला सोसत नाही, आणि त्या घरात तेव्हा ती तशीही जरुरीपेक्षा जास्त होती. मग मी काय केलं? उदाहरण दिलं. माझं स्वतःचं!

"ऐका. नोकरीत नवा होतो. टेकडीच्या पंपहाउसात नवा पंप बसवला. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या आणि पंप उलटा फिरायला लागला. गंमत अशी की असा पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी वर चढतंच. म्हणून कोणाला संशय आला नाही. वर करंगळीएवढी धार! मी म्हटलं, पाइप गळतोय. खणा रस्ता! गळती नाही. आणखी खणा! अख्खा रस्ता उकरला, एका शाळेचं फाटक पाडलं, आणि तोवर पंप आपला मजेत उलटा फिरतोय! पंपावर हा एवढा बाण असतो, कुठल्या दिशेनं फिरायला हवा ते दाखवणारा. तेवढा बघितला असता तर झालं असतं. शिकलो काय? खणायच्या आधी बाण बघावा!"

तिघं पोट धरधरून हसले. कुजबुजसुद्धा ऐकू येईल अशी हसली. मला वाटलं, काय शिकवलंय! काय शिकवलंय!

मुलाखतीच्या दिवशी संस्थेच्या इमारतीत आम्ही चौघं बाकावर बसलो. मी माझ्या निवृत्तीच्या समारंभाचा कोट घातला होता. बटण लागत नव्हतं, म्हणून त्यावर फाइल धरली होती. आतल्या खोलीत समितीचे दोघं : काँक्रीट, आणि रस्त्यांची कामं करणाऱ्या एक बाई. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. इंजिनिअरांच्या इमारतीतलं दार कधीच नीट लागत नाही!

पॉलिश आत गेला. खडाखड उत्तरं. मी खूश. मग तो प्रश्न आला.

"सर, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक पंप होता. माझ्या हातून त्याच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या..."

माझ्या हातातली फाइल सरकली.

"...आणि मी कॉलेजची अख्खी बाग खणली! शिकलो असं, की खणायच्या आधी बाण बघावा."

"वा!" काँक्रीट म्हणाले. "प्रामाणिक मुलगा!"

मी तुफानला खुणा केल्या. हातवारे केले. तो आपलं उत्तर घोकण्यात गुंग, त्याला वाटलं मी शुभेच्छा देतोय; मला अंगठा वर करून दाखवला आणि आत गेला.

"सर आमच्या मामांच्या सोसायटीत एक पंप आहे म्हणजे होता म्हणजे आहेच पण तो उलटा फिरत होता आणि मला वाटलं गळती म्हणून मी पार्किंग खणलं आणि त्यात एक स्कूटर पडली सर!"

मग काँक्रीटचा थंड आवाज, "आणि बाण?"

"बाण बघायला हवा होता सर!"

मग कुजबुज उठली. तिनं आत जाऊन तोंड उघडलं. "सर, एक पंप—"

"उलटा फिरला?" काँक्रीट गरजले.

"हो सर. हाही उलटाच."

मग आत फोन लावल्याचा आवाज आला. काँक्रीटनी थेट कॉलेजच्या प्राचार्यांना विचारलं, "तुमच्या कॉलेजातले सगळे पंप उलटे फिरतात का हो? आणि बाग कोणी खणली?" प्राचार्य असे घाबरले की त्यांनी इलेक्ट्रिशियनला पळवलं आणि कॉलेजातले सगळे पंप एकदम बंद करायला लावले. हॉस्टेलमधली मुलं अंगाला साबण लावून उभी! थोड्या वेळानं प्राचार्यांचा उलटा फोन आला. पंप सगळे ठीक होते, बागही जागेवर होती. फक्त तपासून परत जोडताना एक पंप चुकून उलटा जोडला गेला होता.

"आता तुम्ही," शिपाई मला म्हणाला.

मी आत गेलो. काँक्रीटचा चेहरा पुरता सेट झाला होता.

"साहेब," मी म्हटलं, "मुलांचा दोष नाही. तो पंप माझा आहे."

"म्हणजे तुमचीसुद्धा चूक पंपच?"

"माझीच! ह्यांनी माझी उचलली!"

"अहो, ह्या वयात पोरांची कॉपी करता? कोणी साक्षीदार आहे का?"

होता ना! माझ्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला वायरमन. मी तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "अरे, मी बोलतोय. इथे मोठी माणसं बसलीत. सांग त्यांना, टेकडीवरचा पंप मी उलटा फिरवला होता की नाही?"

पलीकडून खणखणीत आवाज, "साहेब? चूक? शक्यच नाही! साहेबांच्या हातून कधी चूक झालीच नाही! वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. साहेब तर मला ओरडून सांगत होते, बाण बघ, बाण बघ!"

"अरे, खरं सांग!"

"साहेब, तुम्ही आता निवृत्त झालात. तुमच्यावर मी काहीही येऊ देणार नाही!" आणि फोन बंद.

काँक्रीटनी पेन उचललं. झालं, संपलं! ही तीन पोरं, शाखा, तिचे इतके रविवार, सगळं माझ्या एका पंपात वाहून चाललं होतं.

इतका वेळ रुमालात तोंड खुपसून बसलेल्या रस्तेवाल्या बाई म्हणाल्या, "सर, थांबा जरा. मुलांना आत बोलवा." त्यांचे डोळे हसून हसून पाणावले होते. "मी मॅडमच्या अगदी पहिल्या तुकडीतली. काका, तुमच्याच टेबलाशी बसून तयारी केली मी. प्रश्न विचारला की त्या काय करायच्या, आठवतं?"

"गप्प बसायच्या."

"मग बसा गप्प."

तिघं भिंतीला टेकून उभे राहिले. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला आणि पुढे काही बोलल्या नाहीत. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा बाईंनी बोट दाखवून बंद केलं.

शेवटी कुजबुज बोलली. आम्ही सगळे पुढे वाकलो.

"आमच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही एका पादचारी पुलाची मापं घेतली. एक माप चुकीचं होतं. मला दिसलं होतं. पण सगळ्यांची ड्रॉइंग्ज काढून झाली होती, म्हणून मी बोलले नाही. नंतर सगळं पुन्हा करावं लागलं. आज सकाळीही मला वाटलं होतं, तिघांनी पंपच सांगितला तर पकडले जाऊ. तेव्हाही मी बोलले नाही. माझी चूक हीच आहे सर. मला दिसतं आणि मी बोलत नाही."

काँक्रीटनी पेन खाली ठेवलं. "कामावर अशानं माणसं मरतात, माहीत आहे?"

"हो सर."

"यापुढे?"

"बोलेन सर."

"ऐकू आलं नाही!"

"बोलेन सर!"

बाहेर शिपायाच्या हातून ट्रे पडला.

मग पॉलिश बोलला, तुफान बोलला. तुफानच्या वाक्यात मी पहिल्यांदा पूर्णविराम ऐकला. तिघंही सभासद झाले. शाखा राहिली. कुजबुजला तर रस्तेवाल्या बाईंनी स्वतःच्या कामावर नेलं. आता तिथले मुकादम सांगतात की बाई परवडल्या, ही पोरगी फार ओरडते.

राहिलो मी. काँक्रीट म्हणाले, "तुमचा वायरमन म्हणतो तुमच्या हातून चूक झाली नाही. चूक न झालेला माणूस आम्ही सभासद करून घेत नाही. दुसरी एखादी चूक घेऊन या, मग बघू."

"आणि शाखा?"

"चालवा की. फक्त तुम्ही सभासद होईपर्यंत प्रमुख म्हणून नाव बदलता येणार नाही. बाईंचंच राहील."

"राहू द्या," मी म्हटलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, तुम्ही नापास?"

"प्रलंबित!"

"तेच ते!"

आता नवी तुकडी येते रविवारी. मी प्रश्न विचारतो आणि जीभ दातांत धरून बसतो. पंपाचं नाव काढत नाही. काँक्रीटनी मला दोनदा मुलाखतीची तारीख कळवली. दोन्ही वेळा मी सांगितलं, अजून दुसरी चूक सापडली नाही. पाणीखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरी चूक सापडत नाही, ह्यावर कोणाचा विश्वास बसणार? काँक्रीटचाही बसला नसावा, पण तिसरी तारीख काही त्यांनी कळवली नाही. चुका तर ढीगभर आहेत. मुलाखत मात्र अजून द्यायची राहिली आहे, आणि शाखेच्या कागदावर अजून तिचंच नाव आहे.