मिंचोचं दुसरं मरण

वाचकाचं मत लेखकापर्यंत कसं पोचवायचं, हे आपल्याइतकं अख्ख्या गावात कुणाला कळत नाही, असं दाफिंकाचं म्हणणं होतं. आणि दाफिंकाचं एकदा काही म्हणणं झालं, की डॅन्यूब नदीनेही वाट वाकडी करून जावं.

कारण तसं गंभीर होतं. एफ्तिम सावोव यांच्या भुताच्या रहस्यकथांचा आठवा भाग आला होता आणि त्यात शेवटच्या पानावर मिंचो कायमचा गेला होता. मिंचो म्हणजे मेलेला पोस्टमन. पहिल्याच भागात त्याचा खून झाला होता. तेव्हापासून तो बंद दारांतून आरपार जाऊन इन्स्पेक्टर बोयानला खुनी शोधून देत होता. बोयान नुसता सिगारेटी ओढायचा, डोकं सगळं मिंचोचं. त्या मिंचोला सावोवांनी उजेडात विरघळवून टाकलं.

"एकदा मेलेला माणूस पुन्हा मरत नाही. हे माझं मत आहे," दाफिंका पुस्तक टेबलावर आपटून म्हणाली आणि नाक पुसू लागली.

तिचा नवरा तोशो बहिणीच्या गावी द्राक्षं तोडायला निघाला होता. तो दारातच थबकला. "भुतासाठी एवढं रडतेस. मी गेलो तर रडशील का गं?"

"आधी मिंचोइतका उपयोगी तरी पड. नळ ईस्टरपासून गळतोय."

तोशोने टोपी घातली आणि बस पकडली.

गुरुवारी सावोव स्वतः वाचनालयात वाचकांची मतं ऐकायला येणार होते. पण सभेत ग्रंथपाल पोलीनाबाई एकदा 'प्रतीकात्मक' म्हणून सुरू झाल्या, की इतरांना फक्त टाळ्या वाजवायचं काम उरतं. म्हणजे मत सभेआधीच पोचायला हवं. गावात कुणी गेलं की त्याचं फोटोसकट पत्रक दारावर, थांब्यावर, झाडाझाडांवर लागतं. मग मिंचोने काय घोडं मारलंय? दाफिंकाने मजकूर लिहिला: 'आमचा लाडका मिंचो, पोस्टमन. लेखकाच्या हातून दुसऱ्यांदा निधन. शोकाकुल वाचक.'

पत्रकं छापणारा कामेन गावात नवीनच आला होता. "फोटो?" त्याने विचारलं.

"अरे, भुताचा फोटो कुठून आणू?"

"फोटो नसला तर लोक ढुंकूनही बघत नाहीत, दाफिंकाताई."

तिने पर्समधून तोशोचा पासपोर्टचा फोटो काढला. मिंचोचा चेहरा पुस्तकात असाच पडलेला असे. "पुसट छाप हं. ओळखू येता कामा नये."

चिकटवायचं कामही कामेनचंच होतं, त्यामुळे गुरुवारी सकाळी दाफिंका निर्धास्तपणे केस सेट करायला गेली.

कामेन मनाचा चांगला, हीच खरी अडचण होती. गेलेल्या माणसाला पुसट छापायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने फोटो उजळला, मिशा काळ्याभोर केल्या आणि चेहरा चांगला ताटाएवढा छापला. गावातले लोक पत्रकावर चेहरा बघतात. मजकूर वाचायला चष्मा लावावा लागतो.

दाफिंका घरी परतली तर दारात काळे कपडे घातलेली गर्दी. शेजारीण वेत्का पुढे झाली. तिच्या हातात सहा गुलाब आणि शिजवलेल्या गव्हाचं पातेलं होतं. सम संख्येतली फुलं आणि साखर पेरलेला गहू जिवंत माणसाच्या घरी कुणी नेत नाही.

"धीर धर गं बाई," वेत्काने तिला मिठीत घेतलं. "तोशोसारखा माणूस होणं नाही."

दाफिंकाने मिठी सोडवली. "तोशो? काय झालं तोशोला?"

"बिचारीला अजून खरं वाटत नाहीये," मागून कुणीतरी हळहळलं.

"हार्ट अटॅक म्हणे."

"द्राक्षाच्या मळ्यातच."

"अहो, पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

"अख्ख्या गावाला माहीत आहे, दाफिंका."

तिने तोशोला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग मात्र तिला रडू फुटलं. तिला पत्रक आठवलं नाही, सभा आठवली नाही, मिंचो तर मुळीच आठवला नाही. तो निघताना आपण त्याला काय बोललो, तेवढं आठवलं. ती सेट केलेल्या केसांनिशी बसथांब्याकडे धावत सुटली आणि मागून सगळी गर्दी, गव्हाच्या पातेल्यासकट.

तेवढ्यात बस आली. दार उघडलं आणि द्राक्षांची पेटी सांभाळत तोशो खाली उतरला.

दाफिंकाने त्याला पेटीसकट मिठी मारली. "मेल्या, फोन का उचलत नाहीस?"

"द्राक्षाच्या पिंपात पडला गं. रडतेस कशाला? कोण गेलं?"

याचं उत्तर त्याच्या मागून आलं. वाटभर तोशोचे टोमॅटो आणि चीज खात आलेला एक सडपातळ गृहस्थ चिनारावरच्या पत्रकाकडे बघत होता. मग त्याने तोशोकडे बघितलं, मग पुन्हा पत्रकाकडे. नाव मिंचो, पोस्टमन, आणि चेहरा शेजारच्या सीटवरचा. आठ पुस्तकं भुतांवर पोट भरलेले एफ्तिम सावोव जागच्या जागी खाली बसले.

"मिंचो, माफ कर बाबा," ते पुटपुटले. "तुला परत आणतो."

आता कुठे दाफिंकाने मान वर करून पत्रक पाहिलं. सगळा उलगडा झाला आणि तिचा जीव भांड्यात पडला. सावोवांचा पडायला तोशोने घरी गाळलेली राकिया लागली. वेत्काने चष्मा लावून मजकूर मोठ्याने वाचला. गर्दी आधी रागावली, मग हसली. गुलाब मात्र वेत्काने परत घेतले नाहीत.

सभेत पोलीनाबाईंना 'प्रतीकात्मक' म्हणायची संधीच मिळाली नाही. सावोव उठले, नवव्या भागात मिंचो परत येतोय म्हणाले आणि पाणी मागितलं.

संध्याकाळी तोशो स्वतःच्या नावाचा गहू खात बसला होता. एक पत्रक त्याने घडी घालून कपाटात ठेवलं. "फोटो झकास आलाय. वेळ आली की फक्त नाव बदल."

दाफिंकाने ते काढलं आणि चुलीत घातलं. "वेळबिळ काही येणार नाही. तू आज एकदा मेलास, संपलं. एकदा मेलेला माणूस पुन्हा मरत नाही. हे माझं मत आहे." आणि ती नाक पुसू लागली.

तोशोने पातेलं खरवडलं. मग चमचा चाटून म्हणाला, "मत बरोबर आहे गं. पण गव्हात साखर कमी पडलीये."

मागे नळ गळतच होता.