शिशाचा डबा आणि सासऱ्यांचं हसू

मी आयुष्यात कुणालाही काही विचारलेलं नाही. रस्ता नाही, भाव नाही, सल्ला तर नाहीच नाही! जे शिकलो ते माझं मी शिकलो. पोहायला बुडून शिकलो, गाडी भिंतीवर ठोकून शिकलो. लोक म्हणतात, विचारलं तर काय बिघडतं? बिघडतं! विचारणारा माणूस आधीच अर्धा वाकलेला असतो, आणि वाकलेली पाठ दिसली की जग त्यावर पोतं ठेवून मोकळं होतं.

फोटो काढायलाही मी असाच शिकलो. आणि मी रोलवर फोटो काढतो. होय, अजूनही! मोबाइल काढून टिचकी मारणाऱ्याला मी फोटोग्राफर म्हणत नाही. चमच्यानं माती उकरणाऱ्याला तुम्ही विहीर खणणारा म्हणता का?

माझा कॅमेरा जुना आहे. हातात धरला की वीट धरल्यासारखं वाटतं. घरात फ्रिज घ्यायचं ठरलं होतं, मी बाजारात गेलो आणि हा घेऊन आलो. त्याची खुबी अशी, की बघायची खिडकी वेगळी आणि फोटो टिपणारं भिंग वेगळं. त्यामुळे काहीही झालं तरी खिडकीतून समोरचं कायम लख्ख दिसतं! ही खुबी मी बायकोला रंगवून सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात दूध ठेवता येतं का?"

फ्रिजचं भूत काही उतरेना. शेवटी आम्ही तिच्या माहेरी निघालो तेव्हा तिनंच तह मांडला.

"अहो, बाबांचा एक हसरा फोटो काढून द्या. एकच. बाहेरच्या खोलीत लावायचाय मला. तो मिळाला तर फ्रिजचं नाव जन्मात काढणार नाही."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर ती वीट माळ्यावर!"

आता माझे सासरे म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. ते घड्याळं दुरुस्त करतात. सगळं आयुष्य एका डोळ्याला भिंग लावून गेलं. चेहरा असा, की बंद पडलेलं घड्याळ त्यांच्याकडे नुसतं बघूनच घाबरून चालू होत असावं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ते पंचनाम्याला पकडून आणलेल्या साक्षीदारासारखे उभे आहेत! त्यांना हसताना सासूबाईंनीही पाहिलेलं नव्हतं, आणि सासूबाई त्यांच्याबरोबर तेव्हापासून आहेत जेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते.

मी रोल त्यांच्या गावातच विकत घेतले आणि कामाला लागलो. सासरे जेवताना, सासरे पेपर वाचताना, सासरे मांजराकडे बघताना. रोलमागून रोल संपले. मांजर दोनदा हसल्यासारखं वाटलं, सासरे एकदाही नाही!

निघायच्या दिवशी बायको बाजारात गेली होती. सासरे त्यांच्या कामाच्या खोलीत बसले होते. मी शेवटचा रोल भरला. अंधाऱ्या खोलीतही फोटो टिपणारी फिल्म ती, फार नाजूक! भिंगावर धूळ बसू नये म्हणून टोपण लावूनच रोल भरायचा, हा माझा स्वतः केलेला नियम आहे. मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि हरलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "बाबा, आता तरी जरा हसा."

सासऱ्यांनी मान वर केली. एका डोळ्याला भिंग, दुसरा डोळा बारीक करून त्यांनी कॅमेऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मी पहिला फोटो घेतला. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मी दुसरा घेतला. खांदे हलायला लागले. आणि तिसऱ्याला तो माणूस फुटला हो! धरणाचा दरवाजा उघडावा तसा हसू लागला! डोळ्याचं भिंग टपकन खाली पडलं, टेबलावरचे बारके स्क्रू उड्या मारायला लागले. सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "अगं बाई! काय झालं यांना? पाणी आणू?"

सासरे हात करून मला काहीतरी सांगायला लागले. "जावईबापू, अहो ते..."

"बोलू नका!" मी ओरडलो. "चेहरा हलतो! नुसते हसा!"

ते आणखीनच हसले. अख्खा रोल मी त्या हसण्यावर खर्ची घातला. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, की जगातला सर्वांत मोठा फोटोग्राफर कोण, तर मी मान खाली घालून गप्प बसलो असतो. विनयानं!

तेवढ्यात माझा मेव्हणा आला. तो प्लंबर आहे.

"भावजी, विमानतळावर बॅगा एक्स-रेमधून काढतात. त्यानं म्हणे रोल खराब होतात. कुणाला तरी विचारून घ्या."

विचारून घ्या! मला!

"दवाखान्यात एक्स-रे काढणारा अंगावर काय घालतो?" मी म्हणालो. "शिशाचा कोट! शिशातून तो किरणांचा बापसुद्धा जात नाही. तुझ्याकडे शिसं आहे?"

त्याच्याकडे जुन्या पाइपांच्या कामातला शिशाचा पत्रा पडून होता. सासूबाईंनी बिस्किटांचा मोठा गोल डबा दिला. मी डब्याला आतून तळापासून झाकणापर्यंत शिसं ठोकलं, रोल आत ठेवले आणि आंघोळीला गेलो. डबा असा जड झाला, की उचलताना मेव्हण्यासारख्या गड्याच्याही तोंडून चमत्कारिक आवाज निघाला.

"भावजी, यात रोल आहेत की रोड रोलर?"

असल्या प्रश्नांना उत्तरं? थोर माणसं देत नसतात.

विमानतळावर आमची बॅग पट्ट्यावरून मशीनमध्ये शिरली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेल्या बाई पुढे वाकल्या, आणखी पुढे वाकल्या, मग नाक पडद्याला टेकलं. मीही डोकावलो. आमचे कपडे, चपला, बायकोची छत्री, सगळं दिसत होतं आणि मधोमध गोल, काळा, ठार आंधळा गोळा! सूर्याला लागतं तसं ग्रहण! माझी छाती फुगली.

"या डब्यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला काही दिसतंय का?"

"नाही."

"दिसणारच नाही! मुद्दाम तशी व्यवस्था केलीय मी!"

आता यात हात वर करायला लावण्यासारखं काय होतं? पण लावले! एक मिशाळ अधिकारी आला. त्यानं डबा दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला, कान लावला आणि त्याच्या मिशा ताठ झाल्या.

"आत टिकटिक होतेय."

"शक्यच नाही! मी स्वतः भरलाय डबा! माझ्या मालात टिकटिक करणारं काही नसतं!"

"मग उघडून बघू." त्यानं झाकणाला हात घातला.

माझ्या डोळ्यांसमोर ते नाजूक रोल आले. हा गडी डबा उघडणार, रोल फराफरा ओढून बघणार, सासऱ्यांचं जन्मातलं एकुलतं एक हसू उजेडात जळून जाणार!

"उघडू नका!" मी जीव तोडून किंचाळलो. "उजेड लागला की संपलं! सगळं संपलं!"

वाचकहो, माणसाच्या तोंडून खरं बोलणं गेलं की जग कसं वागतं बघा. आमच्या मागची रांग पूर ओसरावा तशी ओसरली. एका गृहस्थांनी बॅग, बूट आणि सासू जागच्या जागी सोडून धूम ठोकली. बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर आहात?"

बायकोनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नाही. कोण आहेत हे?"

मग कुत्रा आणला. त्या कुत्र्यानं डबा हुंगला, पुन्हा हुंगला आणि डब्यासमोर खाली बसला. कुत्रा बसला म्हणजे काहीतरी घातक सापडलं, असं त्या लोकांचं शास्त्र असतं, हे मला नंतर कळलं. मी मात्र म्हणालो, "बघा, किती शांत बसलाय! त्याला कळलं, तुम्हाला नाही!" अहो, तो कसला शांत बसलाय! झाकणाच्या कडेत बिस्किटांचा चुरा अडकला होता, आणि त्याची लाळ टेबलावरून खाली गळत होती.

आणि त्याच क्षणी डबा वाजला.

घणघणघणघण!

मिशाळ आडवा झाला. बाई आडव्या झाल्या. अख्खी तपासणी आडवी झाली. मी पण झालो! डबा माझा, रोल माझे, शिसं मी ठोकलेलं, तरी मी सगळ्यांच्या आधी! फक्त दोघं जागेवर होते. एक कुत्रा आणि एक माझी बायको. ती टेबलापाशी गेली, झाकण काढलं आणि आतून गजराचं घड्याळ बाहेर काढून त्याच्या डोक्यावर टपली मारली. घणघण थांबली.

"आईनं ठेवलंय," ती म्हणाली. "बाबांनी माझ्यासाठी दुरुस्त केलं. भक्कम डबा बघून तिनं त्यात घातलं, हे आंघोळीला गेले होते तेव्हा."

मी जमिनीवरूनच ओरडलो, "मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तिनं रोल उचलले, स्वतःच्या क्रीमच्या बाटल्यांच्या पारदर्शक पिशवीत घातले आणि कपडे झटकत उठणाऱ्या मिशाळला विचारलं, "दादा, हे मशीनमध्ये न घालता हातानं तपासाल का?"

"तपासतो की ताई. पाटीच लावलीय."

मी वळून बघितलं. मी इतका वेळ जिला टेकून उभा होतो ती पाटी दाराएवढी होती. 'फोटोच्या फिल्म असतील तर सांगा. हातानं तपासून मिळतील.' त्यानं एकेका रोलवरून कापडाची पट्टी फिरवली आणि परत दिले. संपलं! विमानात बायकोनं खिडकीकडे तोंड केलं ते उतरेपर्यंत. मी फक्त एवढंच म्हणालो, "रोल वाचले ना?"

घरी आल्या आल्या मी न्हाणीघरात अंधार करून रोल धुतले. पंचनाम्याचे साक्षीदार झकास आले. मांजरही आलं. मग शेवटचा रोल बाहेर काढला, बाहेरच्या खोलीत दिव्यासमोर धरला आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली.

काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत काही नाही!

"मारला!" मी गरजलो. "त्या मशीनवाल्यांनी मारला माझा रोल! कोर्टात खेचतो एकेकाला! ती बाई, तो मिशाळ, तो खादाड कुत्रा! कुण्णाला सोडत नाही!"

बायकोनं माझ्या हातातून रोल घेतला. "एक्स-रे लागला की फिल्मचं काय होतं?"

"धुरकट होते. राख फासल्यासारखी."

"ही तर काचेसारखी साफ आहे."

खोलीत टिकटिक ऐकू यायला लागली. घड्याळ कपाटावर होतं.

बायकोनं मोबाइलवर वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तो पंचनाम्याचा चेहरा आला. "बाबा, त्या दिवशी तुम्ही एवढे कशाला हसत होतात?"

सासऱ्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

"अगं, तुझ्या नवऱ्यानं कॅमेऱ्याचं टोपण काढलंच नव्हतं! माझ्याकडे नेम धरून टिचिक, टिचिक! अख्खा रोल गं! आणि वर मला म्हणतो, बोलू नका, चेहरा हलतो..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. खांदे हलले, डोळ्याचं भिंग पडलं, मागे सासूबाई पुन्हा पाणी घेऊन धावताना दिसल्या.

"पण बाबा, नंतर तरी सांगायचं!" मी रडकुंडीला आलो होतो. "डबा ठोकताना होतात की समोर!"

"तुम्ही विचारलंत कुठे, जावईबापू?" एवढं कसंबसं बोलून ते परत हसत सुटले. आणि माझ्या बायकोनं मोबाइलवर एक टिचकी मारली.

तोच फोटो आता बाहेरच्या खोलीत लावलाय. मोठा करून, चौकटीत. येणारा जाणारा म्हणतो, "वा! काय हसू पकडलंय! कुणी काढला?" मी विषय बदलतो. त्याच्याखाली नवा फ्रिज आहे. त्यातल्या दुधाचा चहा पाजतो.

आणि माझा कॅमेरा? सुखरूप आहे! माळ्यावर, शिशाच्या डब्यात. किरणांचा बापसुद्धा तिथं पोचायचा नाही.

टोपण लावलेलं आहे.