मळाईचा उंबरा आणि नानांची फाईल

बेचाळीस वर्षांची धडधाकट बाई होते मी, तेव्हा एकदा आमच्या गावच्या मळाईदेवीच्या देवळाच्या उंबऱ्यात पाय पसरून आडवी बसले होते. एका पोरीला आत जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून. धर्म माझ्या दोन पायांवर उभा आहे आणि मी ते हलवले की तो धाडकन खाली येणार, अशी माझी पक्की समजूत होती. आता नातवंडं या गोष्टीला हसतात. मीही हसते. पण त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. पूर्ण सांगायची, तर आधी नाना सांगावे लागतील.

नाना आमचे शेजारी. जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्याच्या पलीकडच्या आमच्या वाडीतले. तालुक्याच्या कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले होते. दाराशी उभं राहून त्यांनी इतके युक्तिवाद ऐकले, की एखादा वकील कलम विसरला तर पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता नाना ते पुटपुटायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या काखेत एक हिरवी, नाडीची फाईल दिसू लागली. आत वर्तमानपत्रांची कात्रणं. सगळी एकाच जातीची : देवधर्माचं भांडण कोर्टात गेलं आणि कोर्ट काय म्हणालं. कुठं मठाचा खटला, कुठं मिरवणुकीचा, कुठं भोंग्याचा.

"वैनी, राज्यघटनेचं पंचविसावं कलम," असं म्हणतच ते माझ्या ओट्यावर टेकायचे. "ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू द्या. फकस्त सुव्यवस्था, नीतिमत्ता आन आरोग्य सांभाळून. आता कोर्ट म्हणतं, जे धर्माचं मूळ अंग हाय, त्याला धक्का लावायचा नाय. जे मागनं चिकटलं, त्याला संरक्षण नाय. वळखायचं कसं? काढून बघायचं. काढल्यावर धर्म उरला का? उरला. मग ती सवय."

हे 'काढून बघा' नानांनी साऱ्या गावाला लावलं. एका चतुर्थीला आम्ही जीपनं ओझरच्या गणपतीला गेलो. दर्शन झालं, मी खिचडीचा डबा उघडला.

"वैनी, साबुदाणा काढून बघा. चतुर्थी उरती का?"

"चतुर्थी उरंल, पण तुमी उपाशी उराल," मी म्हटलं.

नानांनी दोनदा खिचडी घेतली. वर म्हणाले, "सवय वाईटच असती, असं काय कोर्ट म्हणत नाय."

सप्ताहात भोंगा लागला तेव्हा नाना मंडपात जाऊन उभे. "देव बहिरा हाय असं कोणत्या पोथीत लिहिलंय तेवढं पान दाखवा, मी सोता वायर जोडून देतो." पान कुणी दाखवलं नाही. भोंग्याचं तोंड मात्र नानांच्या खिडकीकडं वळलं. नाना कानात कापूस घालून कीर्तनाला पहिल्या रांगेत बसले.

एकदा मी चिडून विचारलं, "जज्ज काय मळाईचा पुजारी हाय व्हय? मूळ अंग कंचं आन सवय कंची, ह्ये त्याला काय ठावं?"

नाना एकदम खूश. "वैनी, हाच आक्षेप मोठमोठे वकील घेत्यात! तुमी चुलीपाशी वाया गेला राव."

मी ते निव्वळ कौतुक समजले आणि दोन दिवस फुगून हिंडले. तेव्हा मी अशी होते.

नानांना एकुलती एक मुलगी, सुमन. लोणीला दिली होती. तिच्या सव्विसाव्या वर्षी नवरा अपघातात गेला. आम्ही चार बायका लोणीला मातीला गेलो. तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या त्या बायकांत मी होते, आणि हळहळत हळहळत पुढं होते. नाना दाराला धरून उभे होते. सुमन माहेरी परत आली, आणि त्यानंतरच ती हिरवी फाईल निघाली. हा हिशेब मला फार उशिरा लागला.

चैत्रात मळाईची यात्रा. पाच सवाष्णी बांबूच्या नव्या पाट्यांमधून पुरणपोळीचा नैवेद्य डोक्यावर घेऊन देवळात जातात. त्यातली एक पाटी नानांच्या घरची. नानांची बायको वारल्यापासून ती कुणी ना कुणी भावकीतली नेत असे. सुमन येऊन तीन वर्षं झाली, त्या साली नाना ओट्यावर आले, पण टेकले नाहीत.

"वैनी, औंदा तिच्या आईची पाटी सुमी नेणार. तिची इच्छा हाय."

"सवाष्णीचा मान हाय तो, नाना. आमच्या आजेसासूपासनं चालत आलंय."

"मी धा वर्सं रंडका हाय. दर साली पालखीला खांदा देतो. मला कुणी अडवलं?"

मी आवाज चढवला. "तुमचं कोर्ट ऱ्हायलं जुन्नरला. हितं मळाईचं राज्य हाय!"

"बरं," नाना म्हणाले. "मग मळाईपुढंच पुरावा देतो."

आणि म्हणून यात्रेच्या सकाळी मी उंबऱ्यात. चार सवाष्णी आधीच आत गेलेल्या, बाकीच्या बायका माझ्या पाठीशी. समोरून सुमन आली, डोक्यावर पाटी. शेजारी नाना, काखेत फाईल. आणि मागून काठी टेकत धनगरवाड्यातली ठकूबाई. नव्वदीची, डोळे गेलेले, जीभ शाबूत.

"कोर्टसुदिक धर्माचं धर्मवाल्यांनाच इचारतं," नाना म्हणाले. "ठकूबाई, पाटी सवाष्णीनंच न्यायची, ह्ये कवापासनं?"

"मला काय ठावं?" ठकूबाई म्हणाली. "मानमोडीची साथ आली तवा मी एवढीशी. घरटी एक तिरडी उठली. पाच सवाष्णी आणायच्या कुठनं? माझी आय रांडव, तिची सासू रांडव. त्यांनीच नेल्या पाट्या. मळाई जेवली की." मग उंबऱ्याच्या रोखानं मान वळवून मला म्हणाली, "तुझ्या आजेसासूनंबी नेली व्हती गं. तिचा पयला दादला साथीतच गेला. तुमच्या घरात तिचं मोहतूर लागलं, दुसरं लगीन, ते मागनं."

माझ्या पाठीशी कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक माझी जाऊच.

आता मी शहाणी होऊन उठले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी लाजेनं उठायला गेले, आणि उठता येईना. तासभर बसून दोन्ही पाय मेले होते. ढिम्म हलेनात. देवळात घंटा, बाहेर संबळ, आणि मधे मी, रस्त्यात अडकलेल्या बैलगाडीसारखी.

सुमननं डोक्यावरची पाटी उतरवून नानांच्या हातात दिली. माझ्या बगलेत हात घातला. "काकू, टाच आपटा. जोरात. आता माझ्या खांद्यावर भार द्या." तिच्या बोडक्या मनगटाला धरून मी उभी राहिले. मग तिनं पाटी घेतली आणि आत गेली.

नाना आत गेलेच नाहीत. रिकामे हात तसेच पुढं धरून बाहेर उभे राहिले. फाईल केव्हाच खाली पडली होती, तीही त्यांनी उचलली नाही. मीच उचलून दुपारी त्यांच्या घरी घेऊन गेले. नाना ओट्यावर एकटेच बसले होते. आत सुमन भांडी घासत होती.

"जिंकला की नाना," मी म्हटलं. "आता तरी हसा. माझ्यावर हसा, वाटल्यास."

नानांनी फाईल घेतली नाही. मग आतल्या दाराकडं बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले :

"वैनी, आज पोरीनं दुसरी पोळी मागून घेतली. तीन वर्सांत पयल्यांदा. मी वाढली, आन भिताडाकडं तोंड करून बसलो. जेवताना तिला माझं डोळं दिसाय नको म्हणून."