कूलरच्या मागे

शालिकराम साहेबांसमोर तोंड उघडत नसे. साहेबांच्या कूलरशी मात्र तो रोज बोलायचा.

झालं असं, की हिवाळ्यात त्याची बायको वच्छला गेली. कचेरीनं हळहळ केली, तेरवीला चारजण नंदनवन वस्तीतल्या त्याच्या घरी जेवूनही आले, आणि मग टेबलावर आवक-जावकचा ढीग पुन्हा होता तेवढाच. मधुकरराव साहेबांचा आवाजही होता तेवढाच. "हे काय करून ठेवलं गा?" असं ते केबिनमधून ओरडले, की शालिकराम फायलीत डोकं खुपसायचा. घरी म्हाताऱ्या आईसमोर रडायची सोय नाही, इथं साहेबांसमोर बोलायची छाती नाही. माणसानं जावं तरी कुठं?

एप्रिलमध्ये जागा सापडली. साहेबांच्या केबिनचा कूलर मागच्या अंगणात खिडकीला लावलेला होता. पत्र्याचा, अवाढव्य, आणि आवाज असा की त्याच्या मागे उभं राहिलं तर आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. आपल्याला येत नाही म्हणजे कोणालाच येत नाही, असा शालिकरामचा सरळ हिशेब. पंखा हवा कुठून ओढतो आणि कुठं फेकतो, हा विचार त्याला शिवला नाही. पाणी भरायच्या निमित्तानं बादली घेऊन तो मागे गेला, वाळ्याच्या ओल्या ताटीजवळ तोंड नेलं आणि म्हणाला, "मधुकरराव, तुमच्या डब्यातल्या भाजीले मीठ नसो."

बिचाऱ्याच्या शिव्यांची धाव एवढीच. पण बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा पेन खिशात गळो म्हणाला, आणखी बरं वाटलं.

आता कूलर भरणं हे नत्थूजी शिपायाचं काम.

"काहून माझं काम हिसकून राहिले, बाबू?" नत्थूजीनं विचारलं.

"ऊन आहे नत्थूजी. तुम्ही बसा ना सावलीत."

नत्थूजी बसला, पण गप्प बसला नाही. शालिकरामबाबू साहेबाले मस्का लावून राहिले, ही बातमी त्यानं टेबलाटेबलाला पोचवली. स्वतःच्या हातानं साहेबांचा कूलर भरणारा कारकून दुसरं काय करत असणार? सगळ्यांना पटलं. मधल्या सुट्टीत सरकून जागा देणारे लोक पाठ करून डबा खाऊ लागले. रोज साहेबांना शाप देणारा माणूस साहेबांचा चमचा ठरला. आता बोला.

त्यानं त्याचं दुःख वाढलं, म्हणून कूलरकडच्या फेऱ्या वाढल्या, आणि रिकाम्या हातानं जाता येत नाही म्हणून बादल्याही वाढल्या. एके दुपारी टाकी भरून वाहिली. पाणी खिडकीखालच्या भेगेतून केबिनमध्ये शिरलं आणि टेबलाखाली काढून ठेवलेले साहेबांचे बूट दारापर्यंत वाहत आले.

"कोण भरते हे पाणी?" साहेब कडाडले.

नत्थूजीनं हसतमुखानं नाव सांगितलं. साहेबांनी शालिकरामकडे पाहिलं आणि ते नुसतं म्हणाले, "जरा कमी ओतत जा." नत्थूजीला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

जून सरला. आभाळ आलं की कूलर बंद करायचा, ताट्या काढायच्या, वर पोतं बांधायचं, ही साऱ्या नागपूरची रीत. नत्थूजी पोतं आणि सुतळी घेऊन मोठ्या उत्साहानं केबिनमध्ये शिरला. बाहेर शालिकरामचा जीव खालीवर होत होता. शाप केव्हाच संपले होते. हल्ली तो ताटीला वच्छलेबद्दलच सांगायचा, आणि ते सांगायला जगात त्याला दुसरी जागा नव्हती.

"राहू दे," आतून साहेबांचा आवाज आला. "मले गरम होऊन राहिलं."

"पण साहेब, अशा दमट हवेत कूलर? अंग चिकट होते."

"राहू दे म्हटलं ना."

मग साहेब गळ्यात टॉवेल घालून, शिंकत, ओलसर कागदांवर सह्या करत बसू लागले. शाई फुटायची, फायलींना बुरशी धरली. साहेबांचं डोकं फिरलं, यावर कचेरीचं एकमत झालं.

आणि एके दुपारी शालिकराम ताटीला सांगत होता, "त्या दिवशी अर्ध्या दिवसाची छुट्टी मांगाले आलो होतो, साहेब. तुम्ही कोणावर तरी बिघडून राहिले होते. मी दारातूनच परतलो. मांगितली असती तर तुम्ही देलीही असती. मी मांगितलीच नाही. कचेरी सुटल्यावर सायकल हाणत मेडिकलच्या दवाखान्यात गेलो. वच्छलानं डोळे उघडले अन् म्हणे..."

तेवढ्यात लाइन गेली. पंखा घरघरत थांबला आणि 'अन् म्हणे' हे शब्द भर अंगणात मोठ्यानं ऐकू आले. आत, अगदी हाताच्या अंतरावर, खुर्ची सरकली.

"मंग?" साहेबांनी हळूच विचारलं. "काय म्हणाल्या वहिनी?"

शालिकरामला सगळं कळलं. मीठही आत पोचलं होतं, पेनही पोचला होता. पळून जावं तर हातात भरलेली बादली. शिवाय इतक्या महिन्यांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"म्हणे, आज लवकर सोडलं वाटते साहेबानं," तो ताटीकडे पाहत म्हणाला. "तिले वेळेचं भान नव्हतं. मी हो म्हटलं. म्हटलं, साहेब लय चांगले आहेत, मांगितल्याबरोबर छुट्टी देली. तशी हसली. म्हणे, मंग बसा जरा. अन् थोड्या वेळानं गेली."

मग साहेबांनी नाक ओढलं.

"शालिकराम," ते म्हणाले, आणि लाइन आली.

कूलर धडधडू लागला. ताटीच्या फटीतून साहेब अंधुक दिसत होते. पंख्याकडे तोंड करून ते काहीतरी सांगत होते, थांबत होते, डोळ्याला टॉवेल लावून पुन्हा सांगत होते. बाहेर त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शालिकरामनं बादली खाली ठेवली आणि साहेब थांबले की तो "हो, साहेब," म्हणत राहिला.