कमलताईंचा घसा

बायकोचं, कमलचं, तेरावं झालं, मुलगी नाशिकला परत गेली आणि त्यानंतरच्या सोमवारी दुपारी रघुवीर परबांच्या हातून ती चूक झाली.

भोईवाड्यातल्या त्या दोन खोल्यांत आता टीव्ही आणि कमलचा मोबाइल एवढ्या दोनच गोष्टी आवाज करत. टीव्ही बंद करता येत होता. मोबाइल मात्र फ्रिजवर चार्जरला लावलेला तसाच राहिला होता आणि दिवसातून चाळीस वेळा वाजायचा. ‘यशोधनच्या मैत्रिणी’ नावाचा एक ग्रुप होता त्यावर. यशोधन कीर हा सध्याचा मोठा नट. कमल महिन्यातून एकदोनदा दुपारी दादरला सिनेमाला जायची, तिथेच तिला या बायका भेटल्या होत्या, इतकं रघुवीरांना ठाऊक होतं. त्यापुढे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. महापालिकेच्या पाणीखात्यात त्यांनी पस्तीस वर्षं मीटर वाचले होते. दारात उभं राहायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि पुढच्या दाराशी जायचं, ही सवय घरीही लागली होती.

तर त्या सोमवारी आवाज बंद करावा म्हणून त्यांनी फोन हातात घेतला. कमलने त्याला कधी पासवर्ड ठेवला नव्हता. ग्रुपवर माटुंग्याच्या सुचित्राने लिहिलं होतं की यशोधनला डेंग्यू झालाय आणि त्याला इस्पितळात हलवलंय. रघुवीरांचा अंगठा कुठेतरी लागला आणि त्या बातमीखाली, कमलच्या नावाने, लाल झग्यातली नाचणारी बाई जाऊन उभी राहिली.

मग धडाधड निरोप यायला लागले. ताई, हे काय? तो बिचारा सलाइनवर आणि तुम्ही नाचताय? मग सुचित्राने विचारलं, की ते जाऊ दे, पण इतके दिवस होता कुठे?

रघुवीरांनी ठरवलं, सांगून टाकावं. चष्मा लावला, एकेक अक्षर शोधलं आणि पूर्वी तार करायचे तसं अगदी थोडक्यात लिहिलं: आता कमल नाही.

पलीकडून लगेच उत्तर आलं. बरं बरं, आता नाही तर नंतर सवडीने बोला, पण स्वतःला ‘कमल’ काय म्हणताय राणीसाहेबांसारखं? त्याखाली पोट धरून हसणारे सात चेहरे आले. रघुवीर त्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले. जे काही धैर्य त्यांनी गोळा केलं होतं ते त्या सात चेहऱ्यांखाली संपून गेलं.

थोड्या वेळाने सुचित्राचा फोनच आला. रघुवीरांनी तो वाजून वाजून थांबू दिला आणि मग लिहिलं, घसा बसला आहे.

हे लिहिण्याआधी त्यांनी विचार करायला हवा होता. संध्याकाळपर्यंत माहीमच्या मानसीने ज्येष्ठमधाचे चार प्रकार सांगितले. वरळीच्या आरोहीने गुळण्या कशा करायच्या याचा व्हिडिओ पाठवला. सुचित्रा म्हणाली, मी काढा घेऊन घरीच येते, पत्ता द्या. रघुवीरांनी घाईघाईने लिहिलं की घराला रंग लावणं चाललंय, सगळा पसारा आहे. कोणता रंग, असं लगेच मानसीने विचारलं. रघुवीरांनी धुराने काळवंडलेल्या भिंतींकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, पिस्ता. सगळ्यांना तो रंग फार आवडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लेकीचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. “बाबा,” ती म्हणाली, “आई ऑनलाइन दिसतेय.” रघुवीरांनी तिला सांगितलं की आईचे फोटो बघत होतो.

यशोधन बरा होऊन घरी गेला आणि त्याचा नवा सिनेमा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी लागणार असं ठरलं. ग्रुपने बेत केला, की त्याला एक पत्र पाठवायचं: तू आम्हाला एवढा मोठा का वाटतोस. आणि लिहायचं कमलताईंनी, कारण त्यांच्यासारखं कोणालाच लिहिता येत नाही. घसा बसलाय, हात तर बसला नाही ना?

कमलला लिहिता येतं, ही रघुवीरांना बातमीच होती. त्यांनी यशोधनचा एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. खाली सलूनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की बॉडी बघा त्याची. शेजारच्या जोशी वहिनी म्हणाल्या की डोळे. शेवटी रघुवीरांनी, ऑफिसात साहेब हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहायचे, तसं लिहून पाठवलं: ‘श्री. यशोधन कीर यांची उंची पुरेशी असून दात व उच्चार स्वच्छ आहेत. काम नियमित. वरच्या आवाजात बोलण्याची गरज भासत नाही. वर्तणूक समाधानकारक.’

ग्रुप हसून हसून लोळला. आरोहीने ते स्टेटसला ठेवलं. सुचित्राने लिहिलं, ताई, फॉर्मात आहात, पण आता खरं पत्र लिहा, नेहमीसारखं.

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते बघायला रघुवीरांनी ग्रुपवरचं जुनं वाचायला घेतलं. अंगठ्याने मागे मागे जात गेले. कमलने पानंच्या पानं लिहिली होती. यशोधनने लिफ्टमनचं काम केलेल्या सिनेमाबद्दल तिने लिहिलं होतं: ‘साहेब त्याला विचारतात, घरी कोण कोण असतं. तो बोलत नाही, वरचे मजल्यांचे आकडे बघत राहतो. केवढं बोलला तो तेव्हा.’ आणखी एकदा लिहिलं होतं: ‘बाकीचे नट रडतात तेव्हा आपण त्यांना बघतो. हा रडू गिळतो आणि आपण रडतो.’ आणि दिवाळीच्या सुमारास: ‘तो मोठा आहे, कारण समोरचं माणूस बोलत असताना तो ऐकतो. स्वतःचं वाक्य कधी येतंय याची वाट बघत नाही. आमच्याकडे असं कोणी ऐकलं असतं तर मी भर उन्हात दादरला कशाला आले असते.’ त्याच्यापुढे दोन हसरे चेहरे टाकले होते.

रघुवीरांनी ते तीनदा वाचलं. चाळीस वर्षांत कमल त्यांच्याशी एका वेळी इतकं बोलली नव्हती. की बोलली होती, आणि तेव्हा बातम्या चालू होत्या, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्या दुपारी त्यांनी तिच्या फोनवर लिफ्टमनचा तो सिनेमा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. मग फुलस्केप घेऊन कमलचीच वाक्यं एकामागून एक सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. स्वतःचा एक शब्द घातला नाही.

शुक्रवारी साडेबाराच्या खेळाला सगळ्यांनी मोरपंखी साड्या नेसून यायचं ठरलं होतं. पत्र कमलताई वाचून दाखवणार होत्या. आता सांगण्यावाचून इलाजच नव्हता. रघुवीरांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पत्र खिशात ठेवून ते हिंदमातावरून चालत दादरला गेले. थिएटरच्या पायऱ्यांवर सात मोरपंखी बायका उभ्या होत्या. हातात तिकिटं धरलेली, पांढऱ्या बॉबकटची, उंच, ती सुचित्रा असणार.

“मी कमलचा नवरा,” ते म्हणाले.

“कोणत्या कमलचा?”

“परब. भोईवाडा.”

सुचित्राने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कसं शक्य आहे? त्यांचे मिस्टर तर गेले.”

“नाही,” रघुवीर म्हणाले. “ती गेली.”

“कुठे, आत? तिकिटं तर माझ्याकडे आहेत.”

“वारली ती. बुधवारी महिना होईल. सकाळी चहा टाकला होता. तो उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो.”

मानसी होती तिथेच पायरीवर खाली बसली. आरोहीने हळूच विचारलं, “मग तो घसा?”

“घसा माझा.”

“आणि पिस्ता रंग?”

रघुवीरांनी नकारार्थी मान हलवली.

सुचित्राचा चेहरा लाल झाला होता. “इतके दिवस आम्ही तुमच्याशी बोलत होतो? साधं सांगता नाही आलं तुम्हाला?”

“सांगितलं होतं. तुम्ही हसलात.”

तिने पर्समधून फोन काढला, मागे जाऊन ते तीन शब्द शोधले, वाचले आणि पदर तोंडाला लावला. आत खेळाची घंटा झाली. कोणी जागचं हललं नाही. रघुवीरांनी खिशातलं पत्र तिच्या हातात दिलं आणि म्हणाले की हे तिचंच आहे, मी फक्त उतरवलंय. मग जायला वळले आणि थांबले.

“मी गेलो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. “त्यांनीच,” सुचित्रा म्हणाली. “म्हणजे तसं स्पष्ट नाही. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी विचारलं, घरी कोण असतं. म्हणाल्या, कोणी नाही. मग तुमचा विषय निघाला की नेहमी ‘हे असे होते, यांना ते आवडायचं’ असंच बोलायच्या. आम्ही त्यांच्यासमोर आपापल्या नवऱ्यांचं नावसुद्धा काढायचो नाही हो. वाईट वाटेल म्हणून.”

रघुवीर वरच्या पायरीवर बसले. “काय बोलायची?”

“माणूस चांगला होता, म्हणायच्या. कधी आवाज चढवला नाही. मीठ कमी पडलं तरी तसंच जेवायचे.”

“आणखी?”

दारावरचा माणूस येऊन सांगून गेला की पिक्चर सुरू झालाय. आतून शिट्ट्यांचा गदारोळ आला, म्हणजे यशोधन पडद्यावर आला होता. त्याची एंट्री आजवर एकदाही न चुकवलेल्या त्या सात जणी पायऱ्यांवर रघुवीरांभोवती बसल्या आणि कैलासवासी परब कसे होते ते आळीपाळीने आठवून सांगू लागल्या. रघुवीर मधूनच “असं म्हणायची?” एवढंच विचारत.

“आणि दर शुक्रवारी त्यांच्यासाठी सोनचाफा आणायचात म्हणे,” मानसी डोळे पुसत म्हणाली. “लग्न झाल्यापासून. एकही शुक्रवार चुकवला नाही.”

रघुवीरांनी जन्मात कधी चाफा आणला नव्हता. त्यांनी क्षणभर समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “आणायचो.”